यात्रेचा आवाज घडवणारं सुतारकाम

स्पीकर दुकानातून उचलून आणता येतो. बॉक्स करून घ्यावा लागतो. कंपनीचा तयार बॉक्स मिळत नाही असं नाही, पण तो कंपनीच्या मापाचा असतो, आपल्या गाडीच्या मापाचा नसतो. जुन्नर-आंबेगावातल्या साउंडवाल्याला या फरकाची किंमत चैत्र-वैशाखात कळते. आज या गावची यात्रा, उद्या शेजारच्या गावची. रात्री कार्यक्रम, उत्तररात्री बॉक्स गाडीत आणि दुपारी पुढच्या गावात पुन्हा उतरवणं. हंगामभर बॉक्स जेवढा वाजतो, त्याहून जास्त उचलला जातो.

या भागात आवाजाचा धंदा का फुलला, हे नारायणगावात कळतं. गुढीपाडव्याच्या सुमारास तिथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच येतात, सुपाऱ्या ठरतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५–२००२) यांचं हे गाव. त्यांच्या नावाने राज्य सरकार तमाशातल्या ज्येष्ठ कलावंताला जीवनगौरव पुरस्कार देतं. माईक नव्हता तेव्हा उघड्या मैदानात बसलेल्या शेवटच्या माणसापर्यंत आवाज गळ्यानेच न्यावा लागे. तमाशातली ती चढी पट्टी आणि झीलकऱ्यांचा टिपेचा ‘जी जी’ यांचं निम्मं कारण मला तरी हेच वाटतं.

मग कर्णा आला. बांबूला बांधलेला तो पत्र्याचा कर्णा आज चेष्टेचा विषय आहे, पण त्याच्यावर अन्याय करू नये. पंचवीस-तीस वॅटमध्ये तो अख्ख्या गावाला शब्द ऐकवतो. त्याची खोट खालच्या सुरांत आहे. साधारण तीनशे हर्ट्झच्या खाली तो जवळजवळ मुकाच. त्यामुळे सोंगाड्याचा विनोद पोचायचा, ढोलकीची थापही पोचायची, पण डाव्या तोंडाचा घुमारा वाटेतच गळायचा. ढोलकीविना लावणी नाही, आणि घुमाऱ्याविना ढोलकी म्हणजे नुसती टकटक. लाकडी बॉक्सने हा घुमारा परत आणला.

उघडा स्पीकर वायरीला जोडून जमिनीवर ठेवला तर तो जवळजवळ बेसच देत नाही. त्याचा कागदी कोन पुढे जातो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची ओढली जाते. खालच्या सुरांच्या लाटा इतक्या लांब असतात (चाळीस हर्ट्झची लाट साडेआठ मीटरच्या पुढे जाते) की मागची लाट सहज वळसा घालून पुढे येते आणि पुढचीला खाऊन टाकते. बॉक्सचं पहिलं काम या दोघींना वेगळं ठेवणं. दुसरं काम जास्त हुशारीचं आहे. बॉक्सला मोजून एक खिडकी ठेवली, तर आतली हवा बाटलीच्या तोंडावर फुंकर घातल्यासारखी एका ठरावीक सुराला घुमते आणि वाया जाणारी मागची लाट कामाला लागते. त्या खिडकीला सगळे पोर्ट म्हणतात.

कोणत्या स्पीकरला किती लिटरचा बॉक्स आणि केवढा पोर्ट, हा हिशेब ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये मांडला आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तो पुरा केला. चांगल्या स्पीकरबरोबर आज जो आकड्यांचा कागद येतो, तो यांच्याच पद्धतीचा. बरेच जण तो खोक्याबरोबर फेकून देतात आणि दुसऱ्याच्या बॉक्सची मापं उतरवून घेतात. शेजाऱ्याचा चष्मा लावण्यातला हा प्रकार आहे.

एक बॉक्स मांडून पाहू. अठरा इंची स्पीकर आहे आणि त्याच्या कागदावरून दीडशे लिटर जागा व चाळीस हर्ट्झचा सूर ठरला आहे. आतून ५६ सेंटिमीटर रुंद, ६२ उंच, ५० खोल असं खोकं धरलं तर ते भरतं पावणेदोनशे लिटरच्या जवळ. त्यातून स्पीकरचं धूड, पोर्टची जागा आणि पोर्टवरची फळी मिळून चोवीस-पंचवीस लिटर वजा जातात, उरतात दीडशे. पोर्ट तळाशी पूर्ण रुंदीचा ठेवायचा. सात सेंटिमीटर उंचीची फट म्हणजे सुमारे चारशे चौरस सेंटिमीटरचं तोंड, आणि ती चौतीस सेंटिमीटर आत गेली की सूर चाळीसच्या आसपास बसतो. पोर्टवरची फळी चार बोटं लांब झाली तर सूर खाली सरकतो, आखूड राहिली तर वर चढतो. मिक्सरवर कितीही बटणं फिरवली तरी ही चूक निघत नाही.

आता गाडी. बाहेरून या बॉक्सची रुंदी साठ सेंटिमीटर होते. ‘छोटा हत्ती’ टेम्पोचा हौदा आडवा साधारण दीड मीटर, म्हणजे दोन बॉक्स शेजारी-शेजारी बसतात आणि मध्ये गोधड्या कोंबायला जागा राहते. रुंदी पंचाहत्तरच्या पुढे गेली की एका रांगेत एकच बॉक्स बसणार आणि खेपा वाढणार. जाणता सुतार म्हणूनच आधी गाडीचा हौदा मोजतो आणि मग आतले लिटर बदलू न देता उंची-खोली जुळवतो. आठ बाय चारच्या एका शीटमधून असा एक बॉक्स निघतो, वर पट्ट्यांपुरते तुकडे उरतात.

लाकूड कोणतं? घन सागवान दिसायला राजेशाही, पण हवेप्रमाणे फुगतं-आकसतं आणि या कामाला परवडतही नाही. प्लायच बरा, अठरा मिलिमीटरचा. त्यातही साधा कमर्शियल प्लाय आयएस ३०३ खाली येतो आणि मरीन प्लाय आयएस ७१० खाली; शिक्का बघून घ्यावा. पूर्वेला आणे पठारावरचं कोरडं ऊन आणि पश्चिमेला भीमाशंकरच्या कुशीतला पाऊस. एकच बॉक्स दोन्हीकडे जातो आणि पावसाळ्याचे चार महिने गोदामात पडून राहतो. भुशाचा पार्टिकल बोर्ड इथे दोन हंगामांत कोपऱ्यांतून सुटायला लागतो.

जोडकाम बघण्यासारखं असतं. खिळ्याला पट्टी अडकवून पुढच्या फळीवर वर्तुळ आखायचं, भोक पाडून त्यातून जिगसॉचं पातं फिरवायचं. कोपऱ्यांना आतून पट्ट्या, प्रत्येक सांध्यात फेविकॉल आणि वर स्क्रू. नुसत्या स्क्रूंनी भागत नाही. समोरासमोरच्या फळ्यांना आतून आडवा दांडा हवाच, नाहीतर फळीच स्पीकरसारखी थरथरते आणि आवाजात लाकूड बोलू लागतं. स्पीकर बसवायला लाकडात थेट स्क्रू मारू नयेत. कॉइल जळाली की स्पीकर काढावा लागतो, आणि चार वेळा काढला की भोकं सैल होतात. मागून टी-नट ठोकून बोल्टने आवळलेला स्पीकर वर्षानुवर्षं हलत नाही. शेवटी कमी आवाजात जाड सूर सोडून सांध्यांजवळ पेटती उदबत्ती फिरवायची. धूर जिथे फुर्रकन उडेल तिथे हवा गळते आहे.

मग रंग, कोपऱ्यांना लोखंडी टोप्या, जाळी, मुठी. मुठी तोलाच्या जागी लावाव्यात. भरलेला बॉक्स चाळीस किलोच्या आसपास जातो आणि पहाटे तीन वाजता तो उचलणारी पोरं दमलेली असतात.

इथवर सगळं सुताराच्या हातात आहे. पुढे बिघडतं ते मागणीत. डीजेच्या चढाओढीत ‘बेस किती लावणार?’ हा एकच प्रश्न उरला आणि बॉक्सच्या भिंती उभ्या राहिल्या. तीच भिंत तमाशाला लावली की छातीत धडधड होते आणि वगातलं वाक्य कळत नाही. माणसाचा शब्द कळतो तो मधल्या आणि वरच्या सुरांत. त्यांना वेगळे बॉक्स लागतात, ते उंचावर आणि लोकांकडे तोंड करून लागतात. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकरला बंदी घातली. राज्य सरकारला वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सूट देता येते. तमाशा हा मुळात रात्रीचा खेळ, त्यामुळे हा फटका फडांना बसला आणि ते तो बोलून दाखवतात. गोंगाट भिंतींनी वाढवला, घड्याळ मात्र वगाच्या उरावर बसलं. नियम हवाच, पण दोघांना एकाच मापाने मोजणं मला पटत नाही.

यात्रा कमिटीच्या मंडळींना म्हणून एक विनंती. यंदा साउंडवाल्याला सुपारी देताना बॉक्स मोजत बसू नका. संध्याकाळी माईकवर एकाला गावकीचा हिशेब वाचायला लावा आणि तुम्ही मैदानाच्या शेवटच्या टोकाला, जिथे बायाबापड्या पोरं घेऊन बसतात तिथे, जाऊन उभे राहा. आकडे स्पष्ट ऐकू आले तर पैसे द्या.