मुलाला कमी ऐकू येतं: विम्याशी काय बोलायचं, शाळेशी काय बोलायचं

आजचा भाग अमेरिकेत राहणाऱ्या त्या मराठी आईबाबांसाठी आहे, ज्यांच्या मुलाला कमी ऐकू येतं. माझी मुलगी चौथीत आहे, दोन्ही कानांना मशीन लावते. त्यामुळे ओळखीतून फोन येतात आणि बहुतेक प्रश्न दोनच असतात. मशीनचे पैसे कोण देणार? आणि शाळेकडून काय मिळणार?

आधी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. विमा कंपनीला 'वैद्यकीय गरज' ही भाषा कळते. शाळेला 'शिक्षणावर होणारा परिणाम' ही. मूल तेच, ऑडिओग्राम तोच, पण पत्रं दोन लागतात. ऑडिओलॉजिस्टकडून दोन्ही वेगवेगळी मागून घ्या.

आता विमा. नोकरीतून मिळणारा विमा दोन प्रकारचा असतो. एकात तुमची कंपनी प्रीमियम भरते आणि क्लेमचे पैसे विमा कंपनी देते. दुसऱ्यात क्लेमचे पैसे तुमची कंपनीच देते, विमा कंपनी फक्त कागदपत्रं सांभाळते. याला सेल्फ-फंडेड म्हणतात. गंमत अशी की कार्डावर दोन्हीकडे विमा कंपनीचंच नाव असतं. म्हणून एचआरला सरळ विचारा, "आपला प्लॅन सेल्फ-फंडेड आहे का?"

हे का विचारायचं? काही राज्यांत मुलांच्या हिअरिंग एड्सचा खर्च विम्याने द्यावा असा कायदा आहे. न्यू जर्सीतला 'ग्रेसेस लॉ' त्यातलाच. पण खासगी कंपन्यांच्या सेल्फ-फंडेड प्लॅनला १९७४ चा 'एरिसा' हा केंद्रीय कायदा लागू होतो आणि राज्याचा असा नियम त्यांच्यावर बंधनकारक नसतो. त्यामुळे शेजारीशेजारी राहणाऱ्या दोन घरांत एकाला पैसे मिळतात, दुसऱ्याला नाही.

क्लेम नामंजूर झाला तर पत्रातलं कारण नीट वाचा. 'वैद्यकीय गरज दिसत नाही' असं असेल तर अपील करा. त्यासाठी साधारणपणे १८० दिवस मिळतात. तेही फेटाळलं तर बाहेरच्या स्वतंत्र तज्ज्ञाकडून तपासणी मागता येते. आमचा पहिला अर्ज याच कारणाने परत आला होता. ऑडिओलॉजिस्टने मशीनशिवाय बोलण्यातले कोणते आवाज तिला ऐकूच येत नाहीत ते लिहून दिलं आणि अपील मंजूर झालं.

पण 'प्लॅनमध्ये हिअरिंग एड्स बसतच नाहीत' असं लिहिलं असेल, तर अपिलात शक्ती घालवण्यापेक्षा एचआरकडे जा. सेल्फ-फंडेड प्लॅनमध्ये काय बसवायचं हे तुमची कंपनीच ठरवते, पुढच्या वर्षी ती ते बदलू शकते. ऑफिसात असे आणखी पालक असतील तर सगळ्यांनी मिळून लिहा.

आता शाळा. इथे आधार आहे 'आयडीईए' या केंद्रीय कायद्याचा. मूल ३ वर्षांचं होईपर्यंत 'अर्ली इंटरव्हेन्शन', त्यानंतर स्कूल डिस्ट्रिक्ट आणि 'आयईपी' म्हणजे मुलासाठी लिहून दिलेली शिक्षणाची योजना. एच-वन-बीवर आहोत, मागितलं तर काही अडचण होईल का, असं बरेच जण दबक्या आवाजात विचारतात. आयईपीचा हक्क व्हिसावर अवलंबून नसतो. ती सेवा सरकारी शाळेत मोफतच असते.

मूल्यमापनाची मागणी तोंडी नको, लेखी करा, तारीख घाला. तुम्ही संमतीची सही दिल्यावर केंद्रीय नियमाप्रमाणे ६० दिवसांत मूल्यमापन व्हायला हवं. काही राज्यांची मुदत वेगळी आहे.

आणि मग ते वाक्य येतं, "मार्क तर छान आहेत, मग आयईपी कशाला?" आपल्याकडच्या आईबाबांना ते ऐकून बरंच वाटतं, आणि तिथेच विषय संपतो. पण मूल वरच्या वर्गात जातंय एवढ्यावरून सेवा नाकारता येत नाही, असं नियमातच आहे. छान मार्क मिळवणारं मूल दिवसभर कान ताणून ऐकतं आणि घरी आल्यावर सोफ्यावर आडवं होतं. ते थकणं मीटिंगमध्ये सांगा. मधल्या सुट्टीच्या गोंगाटात ते एकटं पडतं का, तेही सांगा. अशा मुलाचा आयईपी करताना वर्गमित्रांशी थेट संवादाचा विचार करणं शाळेला बंधनकारक आहे.

आयईपीत काय मागायचं? शिक्षकांच्या गळ्यातला माइक, ज्याचा आवाज थेट मशीनमध्ये येतो. व्हिडिओला कॅप्शन्स. कर्णबधिर मुलांना शिकवण्याचं प्रशिक्षण असलेल्या शिक्षकाचे तास. शाळेत लावलेलं मशीन नीट चालतंय ना, हे पाहणं तर शाळेची जबाबदारीच आहे. कोण बघणार, किती वाजता, तेवढं लिहून घ्या.

शाळेतल्या सेवेसाठी तुमचा खासगी विमा वापरायचा असेल तर शाळेला तुमची संमती लागते. 'नाही' म्हणालात तरी सेवा थांबवता येत नाही. मीटिंगला आईला इंग्रजी अवघड जात असेल तर मराठी दुभाषा मागा, तो शाळेने द्यायचा असतो.

आजच्या आज एक फाइल करा. ऑडिओग्राम, पत्रं, ईमेल आणि प्रत्येक फोनची तारीख, बोलणाऱ्याचं नाव, रेफरन्स नंबर. मीटिंगमध्ये आपला आवाज कापला तरी चालेल. कागद बोलतो.

पुढच्या भागात आयईपीची मीटिंग आतून कशी असते ते बघू. तोवर प्रश्न पाठवत राहा!