तयार व्यवसायसंधींचे मूल्यमापन : करी रोड परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
मध्य रेल्वेवरील चिंचपोकळी व परळ या स्थानकांदरम्यानचा करी रोड हा गिरणगावाचा अविभाज्य भाग होय. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार सहभागी झाले. पुढे एकेक गिरणी बंद पडत गेली आणि वेतनावर जगणाऱ्या कुटुंबांपुढे स्वयंरोजगाराचा प्रश्न उभा राहिला. स्वेच्छानिवृत्तीची रक्कम आयुष्यात एकदाच हाती येते. ती कोणत्या व्यवसायात गुंतवावी, याचे निकष प्रस्तुत लेखात स्पष्ट केले आहेत.

संकल्पना :
नाव, माल व कार्यपद्धती दुसऱ्याची आणि भांडवल व श्रम स्वतःचे, असे तयार व्यवसायाचे सर्वसाधारण स्वरूप असते. एजन्सी, वितरण व फ्रँचायझी हे त्याचे प्रमुख प्रकार होत. दादर स्थानकाबाहेर १९६६ मध्ये जन्मला असे मानला जाणारा वडापाव पुढे जम्बोकिंगने फ्रँचायझी पद्धतीने विकण्यास आरंभ केला, हे याचे परिचित उदाहरण होय.

मूल्यमापनाचे निकष :
१) विक्रेत्याच्या उत्पन्नाचा स्रोत : संधी देणाऱ्याचे उत्पन्न ग्राहकाला होणाऱ्या विक्रीतून येते की नव्या सभासदांच्या प्रवेशशुल्कातून, हे प्रथम तपासावे. दुसऱ्या प्रकारच्या साखळी योजनांना १९७८ च्या कायद्याने, तसेच २०२१ च्या थेट विक्री नियमांनी प्रतिबंध केला आहे.

२) समतोल विक्री : समजा, एका गाळ्याचे भाडे, पगार, वीज इत्यादी मासिक खर्च ९०,००० रुपये आहे आणि कच्चा माल व रॉयल्टी वजा जाता प्रत्येक नगामागे १२ रुपये उरतात. महिन्याला ७,५०० नग, म्हणजे दररोज २५० नग विकले की खर्च भागतो. माहितीपत्रकातील हिशेब बहुधा येथेच थांबतो. त्यात मालकाच्या श्रमाचे १८,००० आणि ४,३२,००० रुपयांचे भांडवल तीन वर्षांत परत मिळण्यासाठी १२,००० रुपये मिळविल्यास आवश्यक विक्री १०,००० नगांवर जाते.

३) ग्राहकाचे स्वरूप : गिरण्या तीन पाळ्यांत चालत, आज त्या जागांवर कार्यालये व उंच इमारती उभ्या आहेत. पाच दिवसांच्या आठवड्यात महिन्याचे सुमारे २२ दिवसच कार्यालयीन ग्राहक मिळतो. त्यामुळे वरील १०,००० नगांसाठी दररोज ४५५ नग विकावे लागतात. अन्य परिसरातील शाखेचे आकडे येथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

४) व्यवसायाचे आयुष्य : एसटीडी-पीसीओ केंद्र हा एके काळी खात्रीचा व्यवसाय होता. मोबाइल स्वस्त होताच तो लयास गेला. गुंतवणूक वसूल होण्याचा काळ मागणीच्या संभाव्य आयुष्यापेक्षा कमी असावा.

५) करार : अमेरिकेत फ्रँचायझी देणाऱ्याने करारापूर्वी किमान १४ दिवस आधी तपशीलवार माहितीपत्र देणे बंधनकारक आहे. भारतात फ्रँचायझीसाठी स्वतंत्र कायदा नाही. मुख्यतः १८७२ च्या करार कायद्याचाच आधार घ्यावा लागतो. त्यामुळे अनामत रकमेचा परतावा, क्षेत्राची मर्यादा, माल खरेदीची सक्ती व करार संपविण्याच्या अटी लेखी असणे अगत्याचे ठरते. चालू व बंद पडलेल्या, अशा दोन्ही प्रकारच्या शाखाचालकांना प्रत्यक्ष भेटणे हीही आवश्यक पडताळणी होय.

निष्कर्ष :
तयार व्यवसायात पद्धती तयार मिळते, ग्राहक मिळत नाही. तोट्याची जबाबदारीही भांडवल घालणाऱ्यावरच राहते. म्हणून उद्योजकता अभ्यासक्रमात विद्यार्थ्यांकडून प्रकल्प अहवालाबरोबरच एखाद्या प्रत्यक्ष गाळ्यासमोरील ग्राहकसंख्येची आठवडाभर मोजणी करून घेणे उपयुक्त ठरेल.