स्वतः बनवलेला डिजिटल टॅरो डेक शेअर करताय? आधी हे बघा

टॅरोच्या संचात ७८ पत्ते असतात: २२ मेजर आणि ५६ मायनर आर्काना. पत्त्याची मागची बाजू धरली की झाल्या ७९ इमेज फाइल्स. त्या ग्रुपमधल्या सगळ्यांना द्यायच्या कशा?

आधी चित्रं कुणाची ते बघा. १९०९ साली प्रसिद्ध झालेली पामेला कोलमन स्मिथ यांची चित्रं बरेच जण वापरतात. त्या १९५१ मध्ये वारल्या. कॉपीराइट मृत्यूनंतर भारतात ६० आणि ब्रिटनमध्ये ७० वर्षं टिकतो. त्यामुळे दोन्हीकडे मूळ चित्रं आता मुक्त आहेत. पण नंतर कुणी नव्याने रंगवलेली आवृत्ती स्कॅन केलीत, तर तिच्यावर वेगळा हक्क असू शकतो. गूगलवर दिसलं म्हणजे फुकट, असं नसतं.

फाइल्सना ००, ०१, ०२ अशी नावं द्या. नाहीतर काही ॲप्समध्ये २ च्या आधी १० येतो. मग सगळ्यांची एक झिप करा. प्रत्येक इमेज ५०० केबीची असेल तर झिप जवळपास ४० एमबीची होते. जीमेलवर २५ एमबीच जातात, म्हणून ड्राइव्हची लिंक द्या. परवानगी फक्त ‘व्ह्यूअर’ ठेवा, म्हणजे कुणी फाइलमध्ये बदल करू शकणार नाही.

झिपमध्ये एक टेक्स्ट फाइलही टाका: मूळ चित्रं कुणाची, तुम्ही काय बदललं, लायसन्स कोणतं. क्रिएटिव्ह कॉमन्सचं ‘नॉन-कमर्शियल’ लायसन्स निवडलंत, तर तुमचं काम कुणाला धंद्यासाठी वापरता येत नाही. मात्र एकदा दिलेलं हे लायसन्स परत घेता येत नाही. म्हणून लिंक टाकण्याआधीच नीट ठरवा.