बहिष्कार (शब्द)

बहिष्कार हा मराठीत रूढ असलेला संस्कृत तत्सम शब्द असून त्याचा मूळ अर्थ ‘बाहेर काढणे’ किंवा ‘वेगळे ठेवणे’ असा आहे. आधुनिक मराठीत तो मुख्यतः दोन अर्थांनी वापरला जातो : (१) समूहाने एखाद्या व्यक्तीशी वा कुटुंबाशी असलेले व्यवहार तोडणे, (२) निषेध म्हणून एखादी वस्तू, संस्था वा कार्यक्रम यांच्याशी संबंध न ठेवणे. पहिल्या अर्थात व्यक्तीला बाहेर काढले जाते, तर दुसऱ्या अर्थात निषेध करणारा स्वतःहून बाहेर राहतो.

व्युत्पत्ती

‘बहिस्’ (बाहेर) हे अव्यय आणि ‘कृ’ (करणे) हा धातू यांपासून हा शब्द बनला आहे. ‘आविष्कार’ या शब्दाप्रमाणे येथेही संधीत ‘स्’चा ‘ष्’ होतो. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात सकाळ-सायंकाळची संध्या न करणाऱ्या द्विजासाठी ‘बहिष्कार्य’ हे रूप आले आहे.

सामाजिक अर्थ

या अर्थी ‘वाळीत टाकणे’ हा वाक्प्रचार बोलीत प्रचलित आहे. रोटी-बेटी व्यवहार थांबवणे, धार्मिक कार्यांत सहभागी होऊ न देणे ही त्याची नेहमीची रूपे होत. जातीतील अशा वादांना ‘ग्रामण्य’ म्हणत. १८९० साली पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून ग्रामण्य उद्भवले. त्यात न्यायमूर्ती म. गो. रानडे आणि लोकमान्य टिळक यांचीही नावे गोवली गेली. १८९३ मध्ये विधवेशी विवाह केल्यामुळे धोंडो केशव कर्वे यांच्यावर मुरूड या त्यांच्या गावी बहिष्कार टाकण्यात आला.

राजकीय अर्थ

१८८० मध्ये आयर्लंडच्या मेयो परगण्यातील कुळांनी व मजुरांनी कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट या जमीनदाराच्या कारभाऱ्याशी सर्व व्यवहार तोडले. त्याच्या आडनावावरून इंग्रजीत ‘बॉयकॉट’ हा शब्द रूढ झाला. १९०५ च्या बंगालच्या फाळणीनंतर विदेशी मालाविरुद्ध चळवळ उभी राहिली, तेव्हा मराठीत त्यासाठी ‘बहिष्कार’ हाच शब्द वापरला गेला. स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार व राष्ट्रीय शिक्षण ही चतुःसूत्री त्या काळी प्रसिद्ध झाली. दुर्बलांविरुद्ध वापरले जाणारे साधन अशा रीतीने सत्तेविरुद्धचे शस्त्र बनले.

‘बहिष्कृत’

‘बहिष्कृत’ म्हणजे ज्याला बाहेर काढले आहे असा. विसाव्या शतकात अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाच्या चळवळीने हे विशेषण स्वतःसाठी वापरले आणि अन्याय करणाऱ्या समाजाकडे बोट दाखवले. १९२० ची माणगाव परिषद ‘बहिष्कृत वर्गा’ची होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’ हे पाक्षिक सुरू केले.

कायदा

धार्मिक समूहांतील बहिष्कारास बंदी घालणारा मुंबई प्रांताचा १९४९ चा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये घटनाबाह्य ठरवला. जातपंचायतींच्या जाचाविरुद्ध महाराष्ट्राने केलेला २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा जुलै २०१७ पासून लागू आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशा शिक्षेची तरतूद आहे.