बॉनेटखाली (९) : अर्ध्या तासाचे तीस हजार

मागच्या आठवड्यात टर्बो हवा कशी दाबतो ते पाहिलं. ती किती दाबायची, तिच्यासोबत डिझेल किती सोडायचं आणि नेमकं कधी, हे ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठरवतो. त्या चपट्या डब्यातले आकडे बदलून गाडीची ताकद वाढवणं म्हणजे आजचं ट्यूनिंग, बोलीभाषेत रीमॅप. डिझेल एसयूव्हीच्या ‘स्टेज वन’ रीमॅपला आपल्याकडे साधारण पंचवीस ते चाळीस हजार रुपये मोजावे लागतात. मालक बाकावर बसून चहा घेतो, तोवर पोरगा स्टिअरिंगखालच्या सॉकेटात वायर खुपसतो, लॅपटॉपवर पट्टी सरकत जाते आणि काम संपतं. एकही पार्ट बदललेला नाही, ऑइलचा थेंब घातलेला नाही. मग हे पैसे कशाचे, असं कुणालाही वाटेल.

पुण्याच्या परिसरातलंच उदाहरण घेऊ. रांजणगावच्या फियाटच्या कारखान्यात बनणारं १,९५६ सीसीचं मल्टिजेट डिझेल इंजिन जीप कंपासमध्ये १७३ पीएस देत होतं. २०१९च्या जानेवारीत टाटा हॅरियर आली, तिच्यात हेच इंजिन १४० पीएसवर होतं. पुढच्या वर्षी बीएस-सिक्स हॅरियर आली आणि आकडा १७० झाला. टॉर्क मात्र या सगळ्यांत ३५० न्यूटन-मीटरच. पहिल्या वर्षी गाडी घेतलेल्यांना काय वाटलं असेल ते सांगायला नको. आपल्या गाडीत तीस घोडे बांधून ठेवलेत आणि त्यांचं दावं सोडायला कुणीतरी चाळीस हजार मागतोय, अशी ती भावना. ती अगदीच खोटी नाही, पण सरसकट खरीही नाही. स्विफ्टपासून इंडिका व्हिस्टापर्यंत गेलेलं १,२४८ सीसीचं जुनं मल्टिजेट आठवा. तेही कुठे ७५ पीएसचं होतं, कुठे ९० पीएसचं. तिथे फरक टर्बोतच होता. ९० पीएसवाल्याला फिरत्या पाकळ्यांचा टर्बो होता, ७५वाल्याला साधा. तिथे ७५चे ९० नुसत्या फाइलने करू म्हणणारा तुमच्या साध्या टर्बोकडून दुसऱ्याचं काम करून घेणार आहे.

कंपनी हात राखून का ठेवते, हेही पाहायला हवं. तीच गाडी मे महिन्यात चंद्रपूरच्या ४५ अंशांत चालायची असते आणि लडाखच्या विरळ हवेतही. कुठल्या पंपावर कसलं डिझेल मिळेल, मालक ऑइल वेळेवर बदलेल का, मागे सात माणसं आणि वर सामान असेल का, हे कंपनीला ठाऊक नसतं. शिवाय धुराचे नियम आणि वॉरंटीचा खर्च आहेच. या सगळ्यासाठी जी मोकळी जागा सोडलेली असते, तिच्यातलीच थोडी ट्यूनर खातो. ती किती खायची, याचा अंदाज ही त्याची खरी विद्या.

आता फाइलच्या आत डोकावू. आत कोष्टकं असतात : इतके आरपीएम, इतकं पेडल, तर इतका टॉर्क. त्या टॉर्कला इतकं डिझेल, त्या डिझेलला इतकी हवा. त्यांच्यावर पहारेकरी कोष्टकं. हवा कमी असेल तर धूर होऊ नये म्हणून डिझेल रोखणारं एक, गिअरबॉक्स सांभाळायला टॉर्क अडवणारं दुसरं, एक्झॉस्ट फार तापू नये म्हणून तिसरं. चांगला ट्यूनर यांतली पुष्कळ कोष्टकं एकमेकांशी जुळवून बदलतो, गाडी चालवून नोंदी घेतो आणि पुन्हा हात फिरवतो. आळशी ट्यूनर आडवाट धरतो. इंजेक्टर किती वेळ उघडा राहतो, तेवढंच कोष्टक तो फुगवतो. ईसीयू समजतो आपण पन्नास सोडतोय, प्रत्यक्षात साठ जातं. पहारेकऱ्यांना पत्ताच नाही. याचा एक गमतीदार परिणाम असा की डॅशबोर्डवरचा एव्हरेज वाढलेला दिसतो, कारण तो ईसीयूच्याच हिशोबातून येतो. ‘रीमॅपनंतर एव्हरेज दोनने वाढला’ असं छातीठोक सांगणाऱ्यांपैकी टाकी फुल करून, किलोमीटर लिहून, पुन्हा फुल करून मोजणारे किती, हे मी विचारत बसत नाही.

धंद्याची रचनाही समजून घ्या. ईसीयू वाचण्या-लिहिण्याच्या यंत्रांचे दोन प्रकार असतात, मास्टर आणि स्लेव्ह. मास्टर महाग. तो असलेला माणूस फाइल स्वतः उघडून बदलू शकतो. स्लेव्ह स्वस्त. तो फक्त तुमच्या गाडीची फाइल काढून, कुलूपबंद करून मास्टरवाल्याला पाठवतो आणि बदललेली परत आली की गाडीत भरतो. तुमच्या शहरातला ‘ट्यूनर’ बहुधा दुसऱ्या प्रकारचा असतो. तुम्ही दिलेल्या पैशांतला एक वाटा दुसऱ्या शहरात, कधी दुसऱ्या देशात जातो. यात फसवणूक नाही, मास्टरवाला कसबी असेल तर उलट फायदाच आहे. फसवणूक होते ती पुढे : तीच हॅरियरची फाइल दुसऱ्या, तिसऱ्या, दहाव्या हॅरियरला जशीच्या तशी, आणि दर प्रत्येकी पूर्ण. त्याहून वाईट म्हणजे नकली यंत्र. लिहिताना मध्येच अडकलं, किंवा बॅटरीचं व्होल्टेज पडलं, की ईसीयू मरतो. नीट काम करणारा बॅटरीला आधी चार्जर जोडतो. कुणाला जोखायचं असेल तर एवढं पाहिलं तरी पुष्कळ कळतं.

म्हणून अर्ध्या तासाचे तीस हजार, ही तक्रारच मला चुकीची वाटते. पद्मिनीचा कार्ब्युरेटर कान लावून पाच मिनिटांत लावणाऱ्या मिस्त्रीला आपण वेळेचे पैसे देत नव्हतो. विचारायचं ते हे की माझ्या गाडीवर काय मोजलं? आधीच्या आणि नंतरच्या नोंदी, शक्य तर डायनोवरचा, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावरचा आलेख, मूळ फाइलची प्रत, आणि पक्कं बिल. हे मिळत असेल तर चाळीस हजारही रास्त. यातलं काहीच नसेल तर पंधरा हजारही जास्त, कारण मग आपण फक्त फाइल चिकटवण्याची मजुरी देतोय.

आता तुलनेला एक दर कंपनीचाच. ब्रिटनमध्ये फोक्सवॅगनने २०२५ साली आयडी थ्री या विजेच्या गाडीची ताकद २०१वरून २२८ ब्रेक हॉर्सपॉवर करण्याचे महिन्याला साडेसोळा पौंड किंवा कायमचे ६४९ पौंड मागितले. म्हणजे आपले साधारण पंचाहत्तर हजार रुपये, आणि तेही आधीपासून गाडीत असलेल्या ताकदीसाठी. लोक चिडले, ते साहजिक होतं. पण तिथे निदान काही बिघडलं तर दार वाजवायला कंपनी आहे. आपल्या गल्लीतल्या रीमॅपच्या दरात हे दार धरलेलं नसतं, आणि म्हणूनच तो दर कमी दिसतो.

बाकीचं बिल नंतर येतं. चाकणला बनणाऱ्या कुशाक, टायगुनमधलं दीड लिटरचं टीएसआय इंजिन २५० न्यूटन-मीटर देतं आणि तिथला सात गिअरचा कोरड्या क्लचचा डीएसजी गिअरबॉक्सही २५०साठीच बनवलेला. त्यापलीकडचा प्रत्येक न्यूटन-मीटर क्लचच्या खात्यावर लिहिला जातो. वॉरंटी तर जातेच. या गाड्या ज्याच्या आहेत त्या फोक्सवॅगन समूहात सर्व्हिस सेंटरचा संगणक बदललेलं सॉफ्टवेअर ओळखतो आणि ‘टीडी वन’ असा शिक्का नोंदीत बसतो. कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला प्रत्येकी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. आरटीओला रीमॅप डोळ्यांनी दिसत नाही हे खरं. पण अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर जास्त बारकाईने पाहतो.

एक गोष्ट पैसे देण्याआधीच ठरवून घ्या. सर्व्हिस सेंटरने कंपनीचं नवं सॉफ्टवेअर टाकलं की रीमॅप पुसला जातो. पुन्हा टाकायचे वेगळे पैसे, की त्याच दरात? हे बिलावर लिहून मागा.

(पुढच्या आठवड्यात : डीपीएफ, म्हणजे काजळी पकडणारी जाळी, आणि ती काढून टाकणारे लोक)