संगणकांच्या चढाओढीत किल्ली कोणाकडे?

कापडबाजारात दोन पेढ्यांची चढाओढ लागली की बघणारे फक्त भावाकडे पाहतात. मीटरमागे कोणी किती उतरवले, उधारी कोणी किती दिवसांची दिली, याचीच चर्चा चहाच्या टपरीवर रंगते. जुना व्यापारी मात्र वेगळाच सवाल विचारतो : सूत कोणाकडून येते? माग शंभर जणांचे असले आणि सूत एकाच्याच गोदामात असले, तर शंभर जण आपसात लढतात आणि मुनाफा सूतवाल्याच्या गल्ल्यात जमा होतो. संगणकाच्या धंद्यात गेल्या चाळीसहून अधिक वर्षांत नेमके हेच घडत आले आहे.

आम्ही कापडवाले, संगणकाचे जाणकार नव्हे. आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले आणि संगणकाशी गाठ पडली ती वालिदसाहेबांच्या गादीवर बसल्यानंतर. तरीही अमेरिकन कंपन्यांच्या या लढाईचा इतिहास व्यापाऱ्याने व्यापाऱ्याच्या नजरेने वाचावा, असे आमचे मत आहे. आम्ही तो वेळेवर वाचला असता तर आमचे एक मोठे नुकसान टळले असते. ती हकीकत शेवटी सांगूच.

थान आयबीएमचे, ठसा दुसऱ्याचा

मोठ्या संगणकांच्या व्यापारात आयबीएमचा दबदबा फार जुना. लहान, टेबलावर मावणाऱ्या संगणकांत मात्र ॲपलसारख्या नव्या कंपन्या पुढे निघून गेल्या होत्या. त्यांना गाठण्यासाठी आयबीएमने फ्लोरिडातील बोका रेटन येथे एक वेगळी तुकडी बसवली. तिने साधारण एका वर्षात यंत्र तयार केले आणि १२ ऑगस्ट १९८१ रोजी ते बाजारात जाहीर झाले. सर्वांत साध्या नमुन्याची किंमत १,५६५ डॉलर होती. ॲपलने तर वॉल स्ट्रीट जर्नलमध्ये जाहिरात देऊन या नव्या प्रतिस्पर्ध्याचे स्वागत केले!

वेळ थोडा असल्यामुळे आयबीएमने बरेचसे भाग बाहेरून घेतले. यंत्राचा मेंदू म्हणावा अशी ८०८८ ही चिप इंटेलची होती. यंत्राला कामाला लावणारी मूळ प्रणाली, जिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात, ती मायक्रोसॉफ्टने पुरवली. गंमत अशी की मायक्रोसॉफ्टकडे हा माल तयार नव्हताच. सिएटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स या छोट्या कंपनीकडून लाख डॉलरच्या आतील रकमेत त्याचे हक्क घेऊन, त्यात सुधारणा करून तो आयबीएमला देण्यात आला. म्हणजे बिल गेट्स यांनी येथे दलालाचेच काम केले, पण फार हुशार दलालाचे. हीच प्रणाली इतर कंपन्यांनाही देण्याचा हक्क त्यांनी करारनाम्यात स्वतःकडे ठेवला. आमच्या भाषेत सांगायचे तर आयबीएमने थान घेतले, पण छपाईचा ठसा मायक्रोसॉफ्टच्याच कपाटात राहिला.

डिजिटल रिसर्च या कंपनीची सीपीएम-८६ नावाची दुसरी प्रणालीही आयबीएमने विक्रीस ठेवली होती. तिची किंमत २४० डॉलर आणि मायक्रोसॉफ्टच्या डॉसची ४० डॉलर. गिऱ्हाईक कोणता माल उचलणार, हे वाचकांना सांगायला नको.

नकलांचा बाजार

१९८२ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समधून बाहेर पडलेल्या तिघांनी ह्यूस्टन शहरात कॉम्पॅक ही कंपनी काढली. आयबीएमच्या यंत्रातील बहुतेक सर्व भाग बाजारात मिळत होते. खास तिच्या हक्काचा असा एक छोटा प्रोग्राम चिपमध्ये बसवलेला होता, त्याला बायोस म्हणतात. त्याची हुबेहूब नक्कल करणे हा गुन्हा ठरला असता. कॉम्पॅकने मग काही जणांकडून तो काय काय काम करतो एवढेच लिहून घेतले आणि ज्यांनी मूळ प्रोग्राम कधी पाहिलाच नव्हता, अशा दुसऱ्यांकडून तो नव्याने लिहवून घेतला. काम तेच, पण वीण स्वतःची. १९८३ मध्ये, विक्रीच्या पहिल्याच वर्षी, कॉम्पॅकने ११ कोटी डॉलरहून अधिकचा माल विकला.

पाठोपाठ असे कारखानदार पुष्कळ निघाले. १९८६ मध्ये इंटेलच्या नव्या ३८६ चिपचा संगणक कॉम्पॅकने आयबीएमच्या आधी बाजारात आणला. पुढच्या वर्षी आयबीएमने पीएस/२ हे नवे यंत्र काढले. त्याची अंतर्गत जोडणी स्वतःच्या हक्काची ठेवली आणि ती वापरू पाहणाऱ्यांकडे परवान्याचे पैसे मागितले. तेव्हा १९८८ मध्ये कॉम्पॅकसह नऊ कंपन्यांनी एकजूट करून आपली वेगळी जोडणी जाहीर केली. स्वतःच उभ्या केलेल्या बाजारावरची आयबीएमची पकड सुटली ती सुटलीच.

पण ही एकजूट जिंकली असेही म्हणता येणार नाही. यांच्यातील प्रत्येकाला प्रणालीसाठी मायक्रोसॉफ्टचे आणि चिपसाठी बहुतेक करून इंटेलचेच दार ठोठवावे लागत होते. भाव उतरवण्याची लढाई चालली ती फक्त मागवाल्यांत. अखेर २००२ मध्ये कॉम्पॅक ह्यूलेट-पॅकार्डमध्ये विलीन झाली. आयबीएमने आपला हा धंदा चीनच्या लेनोवोला १२५ कोटी डॉलरला देण्याचा सौदा डिसेंबर २००४ मध्ये जाहीर केला.

ॲपलचा रस्ता

ॲपलने सुतापासून दुकानापर्यंत सर्व काही आपल्या हाती ठेवले. १९८४ मध्ये आलेल्या तिच्या मॅकिन्टॉशमध्ये आज्ञा टाइप करण्याऐवजी चित्रांवर माऊसने बोट ठेवता येत होते. मायक्रोसॉफ्टने विंडोज काढली, तेव्हा ॲपलने १९८५ मध्ये तिच्याशी एक करार करून पडद्यावरील काही गोष्टी वापरण्याची मुभा दिली. पुढे विंडोज वाढू लागताच १९८८ मध्ये तिने नकलेचा दावा ठोकला. न्यायालयाने बहुतेक मुद्दे १९८५ च्या करारातच येतात असे सांगितले आणि १९९४ मध्ये अपिलातही ॲपल हरली. येथेही निकाल लागला तो मालाच्या गुणावर नव्हे, सही केलेल्या कागदावर.

आणि मग ६ ऑगस्ट १९९७! ॲपलची हालत नाजूक झालेली. कंपनीत परतलेल्या स्टीव्ह जॉब्स यांनी बोस्टनच्या सभेत सांगितले की मायक्रोसॉफ्ट ॲपलमध्ये १५ कोटी डॉलर गुंतवत आहे. सभेतून नाराजीचे आवाज उठले. पण सौद्यात पेटंटचे जुने तंटे मिटले, ॲपलला पाच वर्षे मायक्रोसॉफ्ट ऑफिस मिळण्याची हमी मिळाली, आणि मायक्रोसॉफ्टचे गिऱ्हाईकही टिकले. दुश्मनी बाजारापुरती ठेवावी, ती हिसाबाच्या वहीत उतरू देऊ नये, हे दोघांना कळत होते. शिवाय बाजारात एकटाच दुकानदार उरला की सरकारची नजर वळते. पुढच्याच वर्षी, १९९८ मध्ये, अमेरिकन सरकारने मायक्रोसॉफ्टवर मक्तेदारीचा खटला भरला. २००० मध्ये कंपनीचे दोन तुकडे करण्याचा हुकूम झाला. २००१ मध्ये अपिलात तो रद्द झाला, पण मक्तेदारी गैरमार्गाने टिकवल्याचा ठपका कायम राहिला.

दुसऱ्या पुरवठादाराची अट

आयबीएमने एक गोष्ट शहाणपणाची केली होती. चिप एकाच कारखान्यातून घेणार नाही, दुसरा पुरवठादार पाहिजे, अशी तिची अट होती. त्यामुळे इंटेलने १९८२ मध्ये एएमडी या कंपनीला आपल्या नमुन्याच्या चिपा बनवण्याचा करार केला. पुढे ३८६ चा नमुना देण्यास इंटेलने नकार दिला. वर्षानुवर्षे तंटा चालला. १९९१ मध्ये एएमडीने स्वतःची ३८६ काढली, आणि २००९ मध्ये तंटे मिटवताना इंटेलने तिला १२५ कोटी डॉलर दिले. चिपच्या गिऱ्हाईकाला आजही दुसरे दुकान उघडे सापडते, त्याचे मूळ त्या जुन्या अटीत आहे. ऑपरेटिंग सिस्टीमच्या ठशाबाबत आयबीएमने असा आग्रह धरला नाही. त्याची किंमत तिने पुढे चुकती केली.

आमची हकीकत

आता आमचे नुकसान. नव्वदच्या दशकाच्या शेवटी पेढीवर संगणक घ्यायचे ठरले. कंपनीचा घ्यावा की जुळवलेला, चिप कोणती, पडदा किती इंचांचा, यावर भावाभावांत महिनाभर वाद झाला. हिसाबाचा प्रोग्राम मात्र ओळखीच्या एका विक्रेत्याकडून एका संध्याकाळी घेऊन टाकला. त्याबरोबर संगणकाच्या मागे लावायची बोटभर किल्ली मिळाली. ती लावल्याशिवाय प्रोग्राम उघडत नसे.

सहा वर्षांनी ती किल्ली बिघडली. चौकशी केली तर विक्रेत्याने धंदा केव्हाच बंद केलेला. संगणक ठणठणीत, वीज आहे, पडदा उजळतो. पण सहा वर्षांचा जमाखर्च आत कुलूपबंद. मुनीमजी आणि दोन मुले चलनांच्या गठ्ठ्यांवरून दोन महिने वह्या लिहीत बसली. ज्यांची चलने सापडली नाहीत, त्यांच्याकडील उधारी आम्ही कोणत्या तोंडाने मागणार? काहींनी इमानाने दिली, काहींनी हात वर केले. महिनाभर आम्ही भांडलो ते मागावरून. सूत कोणाचे, हे कोणी विचारलेच नाही.

आज प्रोग्राम विकत कमी आणि वार्षिक भाड्याने जास्त मिळतात. मोबाईलमध्ये तर अँड्रॉइड आणि ॲपल अशा दोनच पेढ्यांचे राज्य आहे. त्यांच्यात वरचढ कोण, या वादात व्यापाऱ्याने वेळ घालवू नये. पैसे मोजण्याआधी तीन सवाल विचारावेत. आमचा हिसाब दुसऱ्या प्रोग्रामलाही वाचता येईल अशा रूपात बाहेर काढता येतो काय? भाडे थांबले किंवा विक्रेता बसला तर जुन्या वह्या उघडतील काय? आणि हेच काम देणारा दुसरा कोणी बाजारात आहे काय? जवाब तोंडी घेऊ नये, लिहून घ्यावा. आमच्या पेढीवर आता दर महिनाअखेरीस सर्व खाती बाहेर काढून वेगळी ठेवली जातात आणि उधारीची यादी कागदावर छापून मुनीमजींच्या पेटीत जाते. मुले हसतात. हसू देत.