मालधक्का कोणासाठी?

मोहाडी तालुक्यातील करडी हे धानाच्या पट्ट्यातले गाव. अशा गावांच्या अर्थकारणाची चर्चा पाणी आणि हमीभाव यांभोवती फिरते. तुमसर रोडच्या मालधक्क्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. वस्तुतः दूरच्या बाजारपेठेची वाट या टापूला देव्हाडीच्या याच स्थानकाने खुली केली.

नागपूर-छत्तीसगड हा मीटर मापाचा लोहमार्ग 1882 पर्यंत राजनांदगावला पोहोचला. 1887 साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने तो ताब्यात घेऊन रुंद मापाचा केला. विसाव्या शतकाच्या आरंभी चिखल्याच्या परिसरात मँगनीजचे खाणकाम वाढले आणि तुमसरहून तिरोडीच्या दिशेने शाखा निघाली. ती निघाली खनिजासाठी, धानासाठी नव्हे. 1931 मध्ये रायपूर-विजयानगरम् मार्ग पुरा झाला, 1933 मध्ये विशाखापट्टणमचे बंदर खुले झाले आणि भंडाऱ्याच्या मँगनीजला मुंबईपेक्षा जवळचा समुद्र लाभला. परक्या सरकारला दूरदृष्टी नव्हती असे कोण म्हणेल? प्रश्न एवढाच, की ती कोणाच्या हिताची होती.

तथापि मालधक्का एकदा उभा राहिला, की त्याचा लाभ लहानांनाही मिळतो. एक वाघीण भरण्याइतका माल असलेला व्यापारीही रेल्वेचा ग्राहक होता. ऐंशीच्या दशकात रेल्वेने सुट्या वाघिणींची वाहतूक आवरती घेऊन संपूर्ण मालगाडीचे धोरण स्वीकारले. रेल्वेच्या दृष्टीने ते चुकीचे नव्हते; यार्डात वाघिणींची जुळवाजुळव करण्यात दिवस वाया जात. परंतु चाळीसेक बंदिस्त वाघिणींची गाडी म्हणजे सुमारे अडीच हजार टन माल. खाण तो देऊ शकते. एकटी भातगिरणी कोठून देणार? वीस वाघिणींच्या लहान गाडीची सोय नियमांत आहे खरी, पण तिलाही बाराशे टन लागतात. परिणामी लहानांचा माल ट्रकवर गेला. रेल्वेची बचत झाली, तिचा भार मात्र डिझेलच्या रूपाने दुसऱ्याच्या माथी बसला. आणि गिरणीवाला तो धानाच्या भावातूनच वळता करणार, हे उघड आहे.

यावर उपाय अवघड नाही. बाजार समिती आणि गिरण्या यांनी धक्क्यालगत सामाईक गोदाम उभारून माल एकत्र केला, तर लहान गाडी भरणे शक्य होईल. त्यासाठी रेल्वेने जागा वाजवी भाड्याने द्यावी आणि हंगामाच्या महिन्यांत गोदामात माल साठेपर्यंत शुल्काची घाई करू नये. खनिजासाठी जिने स्वतंत्र शाखा घातली, त्या व्यवस्थेकडून धानासाठी इतकी अपेक्षा फार नव्हे.